ओळ किसनची, झील कोणाची

वरवट बकालहून पूर्णेकडं निघालं की काळ्या रानात एक गाव लागतं. आपण त्याला हिंगणखेड म्हणू. दिसायला ते आजूबाजूच्या गावांसारखंच. कापूस, तूर, ज्वारी, विहीर असेल त्याच्या मळ्यात मिरची आणि वांगी. पण या गावाला एक गुर्मी होती आणि ती दंडारीची होती. दंडार म्हणजे घाटाखालच्या गावांचं आपलं नाटक. दिवाळी झाली, ज्वारी पोटरीवर आली की मारुतीच्या पारासमोर ढोलकी घुमायची. अर्धं गाणं, अर्धा नाच आणि अर्धं सोंग असा तो खेळ असतो. तीन अर्धे कसे होतात हे विचारायचं नाही, ज्यानं दंडार पाहिली त्याला ते पटतं.

हिंगणखेडच्या दंडारीचा जीव म्हणजे किसन तायडे. उंच, काळा, सडपातळ माणूस. डोक्यावर बेगडाचा मुकुट चढला की तो राजा व्हायचा, आणि असा व्हायचा की जामोदकडून बैलगाड्या जुंपून आलेली माणसंही सावरून बसायची. त्याच्या चालीत राजेपण होतं, बोलण्यात तर होतंच, आणि गळ्याबद्दल काय सांगावं. ढोलकीवाला थाप हलकी करायचा, कारण किसनचा आवाज झाकावा असं त्यालाही वाटत नसे. त्याच्या आधी त्याचा बाप गायचा, बापाच्या आधी आजा. चाली सगळ्या त्या घरातल्या. कागदावर एक अक्षर नव्हतं, सगळं गळ्यात.

आणि हा राजा उभा कुठं राहायचा, तर पाराच्या खाली, मातीत. पारावर गावची माणसं बसायची. किसनच्या लोकांना पारावर पाय ठेवायची सोय नव्हती. मुकुट उतरला की दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्याच गावाच्या दारांबाहेर अंतर राखून उभा असायचा आणि ओंजळीत वरून पडेल ते घ्यायचा. रात्री ज्यांनी डोळे पुसले होते तेच लोक सकाळी लांबून टाकायचे. लहानपणी त्याला याचं काही वाटलं नाही. पुढं वाटायला लागलं, आणि एकदा लागलं ते लागलंच.

आता झील म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, कारण सगळं रामायण तिच्यामुळंच झालं. दंडारीत गाणारा पूर्ण ओळ गात नाही. अर्धी गातो आणि थांबतो. मग मागचे झीलकरी त्याचा शेवटचा शब्द उचलतात, वर नेतात, ‘हो जी, जी रं जी’ करून तोलून धरतात. तेवढ्यात गाणारा श्वास घेतो, एक गिरकी मारतो आणि पुढची ओळ पकडायला तोंड उघडतो. झील नसली तर गाणाऱ्याला श्वास नाही आणि नाचणाऱ्याला गिरकी नाही. हिंगणखेडात झील धरायचा मान गावातल्या शेतकरी घरांचा होता. ते पारावर बसून झील धरायचे आणि त्यांचा म्होरक्या होता भगवंतराव. चांगला बागायतदार, जाड आवाजाचा, मानेला हिसका देऊन झील उचलणारा. किसन खाली आणि भगवंतराव वर, अशी वीस-बावीस वर्षं त्यांची जोडी जमली होती. एकमेकांच्या घरी कधी पाणी प्यायले नाहीत, पण एकाचा श्वास संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू व्हायचा.

छप्पन साली किसन नागपूरला गेला आणि परतला तो बुद्धाचा होऊन. त्याच्या वस्तीनं जुनं नाव टाकलं आणि भीमनगर असा फलक रंगवून लावला. कोनाड्यातले देव गेले, ओंजळ पसरणं गेलं, मेलेली ढोरं ओढणं गेलं. त्या दिवाळीला पारावरून निरोप आला की ढोलकी तापली आहे, ये. किसन स्वच्छ सदरा घालून गेला आणि उभ्यानंच बोलला.

“मी गण म्हणनार नाई. देवाचं नाव आता माह्या तोंडून निघनार नाई.”

माणसं समजूतदार होती असं वाटलं. भगवंतराव म्हणाला, “गण आमी म्हणतो बे. तू बाकीचं म्हण.”

“म्हणतो. पण मंग मी उभा कुठं राहू?”

“जिथं राहत होता तिथंच. नवीन काय त्यात?”

“मंग नाई,” किसन म्हणाला आणि वळला. पाठीमागून कोणी हाक मारली नाही आणि त्यानंही वळून पाहिलं नाही. घरी येऊन मात्र तो बराच वेळ भिंतीकडं तोंड करून पडला. त्याची बायको कौशल्याबाई समजून होती. तिनं भाकर झाकून ठेवली.

गावची दंडार त्याच्याशिवाय झाली आणि पडली. झील होती, ओळ नव्हती. पुढं ती झालीच नाही.

इकडं भीमनगरात निराळीच अडचण. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. चौदा एप्रिलची जयंती जोरात करायची ठरली आणि किसननं सांगितलं की सिद्धार्थ घर सोडून जातो तो प्रसंग मी बसवतो, चाल आपल्या दंडारीची, शब्द नवे. राजा शुद्धोदनाचं सोंग तो स्वतः घेणार होता. ओळी त्यानं वावरात काम करता करता जुळवल्या होत्या. त्याचा चुलतपुतण्या हिंमतराव जळगाव जामोदला मास्तर होता. त्याला हे पटलं नाही.

“काका, ज्या गान्यात आपल्याले पाराखाली उभं केलं, ते गानं आपण काऊन जपायचं? देव फेकले तशी ही चालबी फेका ना. पेटी आणू, सिनेमाच्या चालीवर गानी बसवू. पोट्टे लगेच उचलतीन.”

पोरगा मूर्ख नव्हता. त्याचं म्हणणं किसनच्या छातीत रुतलं, कारण आपल्यालाही हा प्रश्न कधीतरी पडला होता हे त्याला ठाऊक होतं.

“पार त्याहीचा होता,” किसन म्हणाला. “चाल माही हाय. माह्या बापाची, आज्याची. ते त्याहीनं कोनी दिली नाई मले. मंग मी काऊन फेकू?”

हिंमतराव म्हणाला, “पाहू,” आणि त्यानं वाद वाढवला नाही.

जयंतीच्या संध्याकाळी गॅसबत्त्या लागल्या. समाजमंदिराच्या नव्या ओट्यावर किसन मुकुट घालून चढला. आयुष्यात पहिल्यांदा तो जमिनीपासून वर उभा राहून गाणार होता. ढोलकी सुरू झाली. त्यानं कानावर हात ठेवला आणि आवाज सोडला.

‘उंच महाल बांधला, त्याले दारं लावले चार...’

आणि तो थांबला. सवयीनं थांबला. अंगातच मुरलेलं होतं ते. अर्धी ओळ झाली की थांबायचं आणि मागून झील यायची. त्यानं गिरकीसुद्धा घेतली. पण मागं कोण होतं? झीलकरी पारावरचे, आणि ते इथं कशाला येतील. ही गोष्ट दोन महिने तयारी करताना त्याच्या लक्षात आली नव्हती, कारण तयारी करतानाही तो अर्ध्या ओळीवर थांबायचा आणि झील त्याच्या मनातल्या मनात वाजायची. ढोलकी एकटीच वाजत राहिली. किसन गिरकीतून बाहेर आला, तर समोर शांतता. मग मागच्या बाजूला पोरं हसायला लागली. त्यानं पुन्हा सुरुवात केली, झीलही स्वतःच धरायला गेला, तर श्वास पुरेना. तिसऱ्या ओळीला खोकला आला. शुद्धोदन राजा मुकुट काढून खाली उतरला.

कोणी टोचून बोललं नाही. हिंमतरावनं उलट पाणी आणून दिलं. पण पाणी देता देता तो हळूच म्हणाला, “पाहा काका, आपलं गानंच अर्धं त्याहीपाशी राह्यलं.” हे हसण्यापेक्षा जास्त लागलं. पुढच्या जयंतीला पेटी आणायची आणि सिनेमाची चाल घ्यायची असं वस्तीच्या बैठकीत जवळजवळ ठरूनच गेलं. म्हाताऱ्या पंजाबरावांनी एवढंच म्हटलं की किसनला एक वर्ष द्या. जमलं तर ठीक, नाहीतर पेटी. किसन मानेनं हो म्हणाला. तीन पिढ्यांचं गाणं त्या एका वर्षावर येऊन ठेपलं होतं.

त्यानं आधी वस्तीतली पोरं घेतली. पोरं सुरात होती पण झील सुरात असून भागत नाही, ती वेळेवर यावी लागते. गाणाऱ्याचा शब्द खाली पडायच्या आत झेलायची असते. पोरं शब्द पडू द्यायची, मग वाकून उचलायची. किसनची चिडचिड व्हायची, पोरं यायची बंद झाली.

मग एका सकाळी तो मनाचा हिय्या करून भगवंतरावच्या मळ्यात गेला. भगवंतराव वांग्यांना पाणी देत होता. पाच वर्षांत दोघं समोरासमोर बोलले नव्हते.

“भगवंतराव, मले झील शिकाची हाय. माह्या पोट्ट्यांले शिकवान काय?”

भगवंतरावनं दांड फोडला, पाणी दुसऱ्या वाफ्यात गेलं, मग त्यानं मान वर केली. “झील पाराची हाय किसन. ते कोनाच्या घरी नेऊन देता येत नाई. गाव मले काय म्हणन? तूच ये ना परत. दंडार उभी करू.”

“उभा कुठं राहू?”

वाफा भरून पाणी बाहेर वाहायला लागलं तरी भगवंतराव तसाच उभा होता. त्यालाही वाईट वाटत होतं, हे किसनला दिसलं. पण नुसतं वाईट वाटून कोणाचं काही भागत नाही. किसन ‘येतो’ म्हणून निघाला.

असा पावसाळा गेला. कापूस फुटला. वस्तीतल्या बाया रोज पहाटे उठून वेचणीला जायला लागल्या आणि किसननं जवळजवळ आशा सोडली. एकदा तिन्हीसांजेला तो अंगणात ढोलकीची वादी ओढत बसला होता. चाळा म्हणून त्यानं गुणगुणायला सुरुवात केली.

‘उंच महाल बांधला, त्याले दारं लावले चार...’

तो थांबला, नेहमीसारखा. आणि घरातून, चुलीपाशी बसलेल्या माणसाकडून, झील आली. ‘लावले चार, हो जी, जी रं जी.’ शब्द खाली पडायच्या आत उचललेली, वर नेलेली, नेमकी तोलून धरलेली. किसनच्या हातातली वादी सुटली. तो दारात जाऊन उभा राहिला. कौशल्याबाई तव्यावरची भाकर उलटत होती.

“हे कुठून आलं?”

“काय कुठून आलं?”

“झील.”

“अगं बाई, ते व्हय,” कौशल्याबाई म्हणाली. “वावरात म्हणतो ना आमी. भगवंतरावाच्या कापसात. वेचनाऱ्या बायांच्या दोन पाती करतो. इकडच्या पातीतली एक जन तुमच्यावानी ओळ म्हणते, तिकडच्या झील धरतात. कलाबाई तं भगवंतरावासारखा मानेले हिसका देते, हसून हसून आमच्या कमरेच्या ओट्यातला कापूस सांडते.”

“किती वर्षं?”

“लगन होऊन आली तवापासून. तुमची दंडार लांबून ऐकाची आन दुसऱ्या दिवशी वावरात काढाची. थो भगवंतराव वावराच्या धुऱ्यावर बसून वरडते, हात चालवा, तोंड नको. पन तोंड चाललं का हात चालतात, हे त्याले काय सांगाचं.”

किसन उंबऱ्यातच खाली बसला. सहा-सात महिने तो झील शोधत पारापर्यंत आणि मळ्यापर्यंत हिंडला होता, आणि ती त्याच्याच घरात भाकरी थापत होती. त्याला हसू आलं, आणि लाजही वाटली. वीस वर्षांत त्यानं बायकोला एकदाही विचारलं नव्हतं की तू काय गातेस.

पण लगेच दुसरा अडथळा आला, आणि तो त्याच्याच डोक्यातला होता. दंडारीत बाई कधी उभी राहिली नव्हती. राणीचं काम असलं तरी पुरुषच लुगडं नेसायचा. त्यानं अडखळत म्हटलं, “पन बाया ओट्यावर? लोक काय म्हणतीन?”

कौशल्याबाईनं भाकर निखाऱ्यावर टाकली. “तुमाले पारावर चढू देत नव्हते तवा लोक हेच म्हणत होते, कोकिळेचे बाबा.”

कोकिळा ही त्यांची लेक, तिथंच ज्वारी पाखडत होती. ती खाली मान घालून हसली. किसननं सुटलेली वादी उचलली आणि ढोलकी कसून बांधली.

दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू झाली. वेचणीहून आल्यावर, पोरंबाळं जेवली की बाया अंगणात जमायच्या. कलाबाई, सिंधूताई, म्हातारी अंबूबाई, कोकिळा आणि मध्ये कौशल्याबाई. पहिले दोन दिवस नुसतं हसणं झालं. तिसऱ्या दिवशी किसननं आवाज मोकळा सोडला आणि झील अशी आली की त्याची गिरकी आपोआप बसली. पुरुषांची झील खालून धक्का द्यायची. ही वरून ओढून न्यायची, म्हणून त्याला स्वतःचा सूर अर्धी पायरी चढवावा लागला. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण चढवला. हिंमतराव सुट्टीत आला, ओसरीवर बसून ऐकत राहिला. पेटीचं नाव त्यानं काढलं नाही. जाताना झांज मागून घेतली आणि म्हणाला, “काका, मले ठेका दाखवा.”

पुढची जयंती आली. पंचशील म्हणून झालं, भाषणं झाली. ओट्यासमोर भीमनगर तर होतंच, वरवट बकालकडचे पाहुणे होते, आणि गावातलीही बरीच माणसं आली होती. ती बसली नव्हती, लिंबाच्या झाडापाशी अंतर राखून उभी होती. त्यांच्यात पांढऱ्या पटक्याचा भगवंतराव होता. पांढरी लुगडी नेसलेल्या बाया ओट्यावर चढल्या तेव्हा लिंबाखाली कुजबुज झाली. किसननं ती ऐकली आणि मुकुट जरा घट्ट बसवला.

‘उंच महाल बांधला, त्याले दारं लावले चार...’

तो थांबला. लिंबाखाली भगवंतरावची मान हिसका घेऊन वर गेली आणि तोंड उघडलं. वीस वर्षांची सवय, त्याचा तरी काय दोष. पण त्याचा आवाज निघायच्या आत झील आली होती. पाच बायांनी शब्द हवेतच झेलला होता. भगवंतराव तोंड उघडं ठेवून तसाच राहिला.

किसननं हे सगळं गिरकी घेता घेता पाहिलं. मग तो समोर वळला आणि दुसरी ओळ अशी टाकली की ओट्याच्या पायरीवर बसलेले पंजाबराव उठून उभे राहिले.

‘कोन्या दारानं गेला माहा लेक राजकुमार...’

त्या संध्याकाळी शुद्धोदन राजा रडला आणि माणसांना रडवलं. भीमनगरातल्या पोरांनी, जी गेल्या वर्षी हसली होती, शेवटी शेवटी झील आपसूक धरली. सोंग संपलं तेव्हा किसनचा सदरा घामानं चिकटला होता आणि त्याला वाटत होतं की बाप हवा होता, आजा हवा होता. आपण किती मोठं काही केलं याचा त्याला अभिमान वाटत होता आणि तो त्यानं लपवला नाही. मुकुट हातात घेऊन तो ओट्यावर ताठ उभा राहिला.

गर्दी पांगली तेव्हा भगवंतराव ओट्यापाशी आला. खालूनच त्यानं कौशल्याबाईकडं पाहिलं.

“बाई, झील कोनी शिकवली तुमाले?”

“तुमच्याच वावरात शिकलो आमी, भगवंतराव. कापूस वेचता वेचता. तुमी धुऱ्यावर बसून म्हणत होते, हात चालवा, तोंड नको.”

मागं कलाबाईनं पदर तोंडावर घेतला. भगवंतराव पटका काढून डोकं खाजवत राहिला. मग किसनकडं वळला. “आमच्याकडं आता झील बी कोनाले येत नाई. नवे पोट्टे नुस्ते सिनेमे पाहातात. तयारीले त्याहीले धाडलं तं शिकवसान?”

किसनला मळ्यातला वाफा आठवला. नाही म्हणायचा हक्क त्याचा होता, आणि जिभेवर तो शब्द आलाही होता. त्यानं बायकोकडं पाहिलं.

“धाडा,” कौशल्याबाई म्हणाली. “पन इथं यावं लागन. आन आमच्या मागं बसावं लागन. झीलकरी आमी हाओ.”

“सांगतो त्याहीले,” भगवंतराव म्हणाला.

पुढच्या आठवड्यात बाया पुन्हा अंगणात जमल्या. किसनला नवा प्रसंग बसवायचा होता. गावातलं एकही पोरगं आलं नाही. घरच्यांनी अडवलं असेल, नाहीतर बायांच्या मागं बसायची लाज. ढोलकी तापवून झाली, किसननं गळा साफ केला, तेवढ्यात कुडाचं फाटक वाजलं. भगवंतराव एकटाच आला होता. त्यानं वहाणा दाराशी काढल्या, कोकिळेनं पुढं केलेला तांब्या घेतला, घटाघटा पाणी प्यायला आणि कोणाकडं न पाहता सतरंजीच्या टोकाला, कौशल्याबाईच्या मागं जाऊन मांडी घालून बसला.

किसननं कानावर हात ठेवला, अर्धी ओळ म्हटली आणि थांबला. झील आली. आधी बायांनी उचलली, आणि त्यांच्या मागून एक जाड आवाज तिला येऊन मिळाला.